साठ पटाचा वर्ग आणि बारा टॅबलेट

नववीच्या तुकडीचा पट साठच्या आसपास. त्यात एक अल्पदृष्टी असलेला मुलगा, एक श्रवणयंत्र लावणारी मुलगी, अध्ययन अक्षमतेचा दाखला असलेली दोघं-तिघं आणि दाखला नसलेली, पण अडचण तीच असलेली आणखी काही. तासिका चाळीस मिनिटांची. टॅबलेट कपाटात, कपाटाची चावी मुख्याध्यापकांच्या खणात. पुण्यातल्या बऱ्याच मराठी माध्यमाच्या शाळांत चित्र असंच असतं, आणि अशा वर्गात सगळ्यांना सोबत घेऊन टॅबलेटवर प्रकल्प कसे करायचे, याची पुढची सगळी मांडणी हेच गृहीत धरून केली आहे.

दोन गोष्टी आधी पक्क्या करा. पहिली, कुणा एकासाठी ‘वेगळा’ टॅबलेट ठेवू नका. बाराच्या बारा टॅबलेटवर त्याच सोयी चालू ठेवा. वेगळा टॅबलेट म्हटला की त्याच्यासोबत वेगळा बाक येतो, आणि तो बंद पडला तर त्या मुलाचा तासच बुडतो. दुसरी, प्रकल्प असा आखा की प्रत्येकाचा वाटा नसेल तर काम अडून बसेल. स्टँड धरून उभं राहणं हा वाटा नव्हे. ॲप कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. शहर साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना जूनमध्येच गाठा. नोव्हेंबरात त्यांच्याकडे बोर्डाच्या सवलतींच्या अर्जांचा ढीग असतो.

काय घ्यायचं, कुठून घ्यायचं

पाच मुलांना एक, असे बारा टॅबलेट आणि वर एक जादा. सहाच असतील तर अर्धा वर्ग टॅबलेटवर आणि अर्धा वर्ग कागदकामावर ठेवा, पुढच्या तासाला अदलाबदल करा. पडदा दहा इंची हवा, कारण आठ इंचीवर अक्षरं मोठी केली की ओळीत दोनच शब्द मावतात. रॅम किमान ४ जीबी, साठवण ६४ जीबी. मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का आणि ३.५ मिमी हेडफोनचं भोक आहे का, हे खोका उघडून पाहा. स्वस्त टॅबलेटमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात.

बाकीचं सामान शहरात सहज मिळतं. कॉलर माइक, एका भोकाला दोन हेडफोन जोडणारे स्प्लिटर आणि स्पाइक गार्ड तपकीर गल्लीत, न सरकणारी रबरी जाळी आणि फोमची नळी बोहरी आळीत, कार्डशीट, क्ले, लोकर अप्पा बळवंत चौकात. टॅबलेट उभा ठेवायला पोथी वाचायचं लाकडी घडीचं स्टँड फार चांगलं. ते हलत नाही, आणि पडलं तरी प्लॅस्टिकच्या स्टँडसारखा त्याचा तुकडा पडत नाही.

प्रत्येक टॅबलेटच्या पाठीवर एम-सीलचे टिपके लावा: एक नंबरला एक, दोनला दोन, पाचपर्यंत. सहापासून एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे टिपके, म्हणजे रेघ म्हणजे पाच. अंध मुलालाही आपल्या गटाचा टॅबलेट हाताने ओळखता येतो आणि वाटप दोन मिनिटांत उरकतं.

चार्जिंगला वीज फारशी लागत नाही. बारा टॅबलेटना मिळून दोनशे वॅटच्या आतबाहेर. त्रास होतो तो उष्णतेचा. बंद लोखंडी कपाटात एकावर एक रचून चार्ज केले की बॅटऱ्या फुगतात. ताटं ठेवायच्या तारेच्या स्टँडमध्ये उभे लावा आणि कपाटाचं दार उघडं ठेवा. देखभालीसाठीची वीजबंदी पुण्यात बहुधा गुरुवारी असते, त्यामुळे चार्जिंग बुधवारी दुपारी करा आणि इंटरनेटवर अवलंबून असलेला तास गुरुवारी ठेवू नका.

एकदाच बसायचं, पण सगळ्या टॅबलेटवर

एका शनिवारी दोन शिक्षक तीन तास बसले तर बारा टॅबलेट तयार होतात. प्रत्येक टॅबलेटला स्वतंत्र खातं हवं. सगळ्यांवर एकच खातं टाकलं आणि फोटोंचा बॅकअप चालू राहिला, तर तीन नंबरच्या गटाचे फोटो नऊ नंबरवर दिसायला लागतात आणि कुणीतरी ते पुसतं. म्हणून बॅकअप बंद करा. ॲप आपोआप अद्ययावत होणंही बंद करा, नाहीतर बारा टॅबलेट एकदम अपडेट खेचायला लागतात आणि शाळेचं वाय-फाय गुडघे टेकतं.

मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत (सुलभ वापराच्या सोयींत) जा. मराठी आवाजाचा संच टॅबलेटमध्येच उतरवून घ्या, म्हणजे इंटरनेट नसतानाही मजकूर ऐकता येतो. ‘सिलेक्ट टू स्पीक’ (निवडलेला मजकूर वाचून दाखवणारी सोय) चालू करा. अक्षरओळख कच्ची असलेल्या मुलांना हे एकच बटण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि बाकीची मुलंही ते बिनदिक्कत वापरतात, त्यामुळे कुणी वेगळं उठून दिसत नाही. मोठं करून दाखवणारं भिंग आणि रंग उलटे करण्याची सोय (काळ्यावर पांढरं) शॉर्टकटला जोडा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ वेळ ‘लांब’ करा, म्हणजे बोट पडद्यावर टेकून राहिलं तरी नको तो मेनू उघडत नाही. स्टायलसवर फोमच्या नळीचा तीन बोटं लांबीचा तुकडा चढवला की पकड येते. टॅबलेटखाली रबरी जाळी पसरा.

टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं सगळं अंध मुलांना बोलून दाखवणारी सोय. तिची एक गंमत माहीत असू द्या, नाहीतर तास जाईल. दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद एकदम दाबली की टॉकबॅक चालू व्हावं, असा शॉर्टकट आपणच लावलेला असतो. वर्गात टॅबलेट हाताळताना कुणाच्या तरी मुठीत ती दोन्ही बटणं दाबली जातात. टॅबलेट बोलायला लागतो, एका टिचकीने काहीच उघडत नाही, एका बोटाने पान सरकत नाही, आणि “सर, बिघडला!” अशी हाक येते. बिघडलेलं काहीच नसतं. टॉकबॅकमध्ये एका टिचकीने वस्तू निवडली जाते, दोन टिचक्यांनी उघडते आणि पान दोन बोटांनी सरकतं. तीच बटणं पुन्हा तीन सेकंद दाबली की सगळं पूर्ववत. हे पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून करून घ्या. जी मुलं दहा मिनिटं डोळे मिटून टॉकबॅक चालवतात, त्यांना आपल्या गटातल्या अंध मुलाचा वेग मग संथ वाटत नाही.

लाइव्ह ट्रान्सक्राइब बोललेलं मराठीत लिहून दाखवतं, पण साठ मुलांच्या गलक्यात आणि चार पंख्यांखाली ते अर्धंमुर्धंच पकडतं. माइक शिक्षकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, कॉलरला हवा. ॲपमध्ये मराठीसोबत इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून निवडून ठेवा, कारण आपण वर्गात तसंच बोलतो. ‘अपवर्तनांक’, ‘गुणसूत्र’ असे शब्द त्याच्या खास शब्दांच्या यादीत आधी भरा. फळ्याकडे तोंड करून बोलणं मात्र थांबवावंच लागेल. ओठ वाचणाऱ्या मुलीला कुठलंही ॲप त्या पाठमोऱ्या वाक्याची भरपाई देत नाही.

मजकूर बोलतो की बरळतो

हा भाग रटाळ आहे, पण निम्मी फजिती इथेच होते. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणं बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे दिसायला मराठी पण आतून इंग्रजी अक्षरंच असलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर ती सुरेख मराठी दिसतात, टॉकबॅक मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचतं. तपासणी सोपी आहे: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक, विचित्र चिन्हं उमटली तर फाइल पुन्हा युनिकोडमध्ये करावी लागेल. ओळ निवडताच येत नसेल, तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर सुटा होतो. तो वाचून दुरुस्त करा. रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, गणिताच्या पदावल्यांचा तर पार चुराडा होतो. त्या हातानेच लिहा.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि आवाज बंद करून एकदा पाहा. काहीच कळलं नाही, तर कर्णबधिर मुलीलाही कळणार नाही. मग डोळे मिटून ऐका. ‘हे असं इथून तिथे जातं’ एवढंच कानावर पडलं, तर अंध मुलासाठी कुणीतरी दोन वाक्यं जोडायला हवीत. ती वाक्यं लिहिणं हासुद्धा चांगला गृहपाठ आहे.

पहिला प्रकल्प: पानशेतचा पूर, कानांनी आणि बोटांनी

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तेव्हा सहा-सात वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरी ओलांडून बसलंय. वर्गात चार-पाच घरांत तरी असे आजी-आजोबा किंवा शेजारी निघतात. इतिहास, भूगोल आणि मराठी, तिन्ही विषयांत हे बसतं. करायचं काय, तर विठ्ठलवाडी ते संगम एवढ्या मुठेचा हाताला लागणारा नकाशा, आणि त्यावरच्या आठ ठिकाणांना जोडलेल्या आठवणींच्या ध्वनिफिती. एकूण सहा तासिका धरा.

पहिल्या तासात प्रश्न ठरवा. ‘पुराबद्दल सांगा’ असं विचारलं की चाळीस मिनिटांचं भाषण मिळतं आणि ते कापायला कुणालाच जमत नाही. आठ नेमके प्रश्न काढा. उदाहरणार्थ: पाणी पहिल्यांदा कुठे दिसलं? कोण सांगत आलं? घरातून काय उचललंत? रात्री कुठे झोपलात? पुराचा चिखल किती दिवस होता? नंतर कुठे राहायला गेलात? गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींचा धागा इथे आपसूक येतो.

रेकॉर्डिंग मुलं घरी जाऊन करतात. टॅबलेट बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर, टेबलावर नव्हे तर घडी घातलेल्या चादरीवर ठेवा, कारण टेबलाची खटखट थेट माइकमध्ये जाते. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, कुकर उतरल्यावर. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की पेठांतल्या घरांत काहीच नीट रेकॉर्ड होत नाही, म्हणून सकाळची वेळ धरा. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका, मगच पहिला प्रश्न.

सगळ्यात कामाची युक्ती: प्रत्येक प्रश्नाची फाइल वेगळी करा. प्रश्न विचारला, उत्तर झालं की थांबवा, नवी फाइल. फाइलचं नाव ठरीव ठेवा, ‘९क_गट३_प्रश्न५’ असं. लांब फितीचं संपादन आवाजाच्या लाटा डोळ्यांनी पाहून करावं लागतं आणि तिथे अंध मुलगा बाहेर फेकला जातो. सुट्या फाइली असल्या की संपादन म्हणजे निवड आणि क्रम, एवढंच उरतं. ते कानाने होतं, आणि अशा निवडीत कान तयार असलेला मुलगा बहुतेकदा गटाचा मुख्य संपादक होतो. शेवटची फीत तीन मिनिटांपेक्षा लांब नको.

फितीचं लिखित रूप सक्तीचं ठेवा. टॅबलेटवर फीत लावून दुसऱ्या टॅबलेटवर लाइव्ह ट्रान्सक्राइबने कच्चा मसुदा काढा आणि दोघांनी मिळून तो दुरुस्त करा. जुन्या पुणेरी बोलीतले शब्द, वाड्यांची नावं ॲपला कळत नाहीत, तिथे माणूसच लागतो. कर्णबधिर मुलीला हेच काम नेहमी देऊन टाकू नका. तिला मुलाखत घ्यायची असेल तर आजोबांचं बोलणं पडद्यावर वाचत ती उत्तम घेते, फक्त आजोबांना दोन वाक्यांनंतर थांबायला सांगावं लागतं. दिव्यांगत्वावरून काम ठरवलं की सवलतीची शिक्षा होते.

नकाशासाठी ६० × ४५ सेंमी जाड पुठ्ठा घ्या. नदी दुहेरी सुतळीची, फेविकॉलमध्ये भिजवून चिकटवलेली. पूल आइस्क्रीमच्या काड्यांचे. पाणी शिरलेला भाग फेविकॉलवर भुरभुरलेल्या रव्याचा. पर्वती पुठ्ठ्याचे थर चढवून. बोटाने पोत चारच ओळखू येतात असं समजून चाला. सातवा पोत आला की नकाशा गोधडी होतो. दोन खुणांमध्ये निदान अर्धा सेंटीमीटर मोकळा ठेवा. मुलांना लकडी पूल, शनिवारवाडा, ओंकारेश्वर आणि आपल्या शेजारची मिठाईवाल्याची गल्लीही हवी असते. आठावर ठाम राहा.

प्रत्येक ठिकाणी तिथल्या ध्वनिफितीचा क्यूआर कोड चिकटवल्यावर त्याच्या चारी बाजूंनी काडेपेटीच्या काड्यांची चौकट लावा. कोड सपाट असतो, चौकट नसेल तर तो कुठे आहे हे बोटाला कळणारच नाही. नकाशा वाळायला पूर्ण एक दिवस लागतो आणि पावसाळ्यात दोन. रवा लावलेला पुठ्ठा रात्री वर्गात उघडा ठेवला, तर सकाळी मुंग्या किंवा उंदीर. कपाटात ठेवा, किंवा रव्याऐवजी बारीक वाळू वापरा.

मुलाखत देणाऱ्यांची आणि मुलांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. फिती शाळेबाहेरच्या व्हॉट्सॲप गटांत फिरवू नका.

दुसरा प्रकल्प: लोकरीचं सूत्री विभाजन

दहावीला सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं, असतं. आकृत्या काढून घेतल्या तरी ‘पश्चावस्थेत नक्की काय हलतं’ हे निम्म्या वर्गाला कळत नाही. स्टॉप मोशनने, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो घेऊन चित्रपट करताना, ते हातानेच हलवावं लागतं.

स्टीलच्या ताटावर काळा कागद. पेशीभित्तिका जाड सुतळीची, चार गुणसूत्रं दोन रंगांच्या लोकरीची, पाच-पाच सेंमीची. प्रत्येक गुणसूत्र दुहेरी धाग्याचं आणि मध्ये क्लेच्या गोळीने जोडलेलं. ती गोळी म्हणजे गुणसूत्रबिंदू. दोन बाकांमध्ये वीतभर फट ठेवा, वर टॅबलेट आडवा टाका आणि खाली स्टुलावर ताट ठेवा. कॅमेरा सरळ खाली बघतो, स्टँड लागत नाही.

सेकंदाला पाच चित्रं धरली तर चाळीस सेकंदांना दोनशे फोटो लागतात. विभाजनाच्या चार टप्प्यांत वाटणी: पूर्वावस्था ६०, मध्यावस्था ३०, पश्चावस्था ६०, अंत्यावस्था ५०. एका फोटोला आठ सेकंद धरले तरी सत्तावीस मिनिटं होतात. मांडणीचा वेळ वेगळा, म्हणून दोन तासिका जोडून घ्या. सेकंदाला बारा चित्रांचा हट्ट धरणारा गट दहा सेकंदांपुढे जात नाही.

चित्रपट लुकलुकतो, ही हमखास येणारी तक्रार. कारण, कॅमेरा दर फोटोला उजेड नव्याने मोजतो. फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, खिडकी बंद करून दोन टेबल लॅम्प दोन बाजूंनी लावा. ढग आला की खिडकीचा उजेड बदलतोच. पंखा चालू राहिला तर गुणसूत्रं आपोआप विभाजित होतात. बटण दाबताना टॅबलेट हलत असेल तर ब्लूटूथ रिमोट वापरा. हातांवर ताबा कमी असलेल्या मुलाकडे तो रिमोट द्या, आणि त्याच्यासोबत निर्णयही द्या: ‘हात काढा’ म्हणणारा आणि फोटो घेणारा तोच. ॲपमध्ये दिसणारी आधीच्या फोटोची पुसट छाया पाहून पुढचं अंतर बरोबर आहे का, हेही त्यानेच सांगायचं. अंध मुलगी ताटावरची लोकर बोटांनी सरकवू शकते. मात्र दर हालचालीनंतर तिला पुन्हा जागा सापडावी म्हणून ताटाच्या कडेला सेंटीमीटरला एक अशा क्लेच्या खुणा लावा.

ज्या मुलाला गोंगाट सहन होत नाही, त्याला कामाचा क्रम चित्रांत लिहून द्या आणि पडद्यावर टायमर लावा. ॲप पिन करून ठेवा, म्हणजे मध्येच दुसरीकडे भटकता येत नाही. ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणारा आवाज, शेवटी, रिकाम्या वर्गात भरा.

गुण

वीस गुणांत विषयाची अचूकता १०, कामाची नोंदवही ५, सादरीकरण ५. उत्तर लिहून, बोलून, सांकेतिक भाषेत किंवा चित्रफितीत, कसंही आलं तरी निकष तोच. चित्रपट गुळगुळीत आहे म्हणून गुण देऊ नका, गुणसूत्रं योग्य जागी विभागली का ते पाहा. नोंदवहीत रोज दोनच ओळी: आज कुणी काय केलं आणि कुठे अडलं. एकाच मुलाचं नाव दर दिवशी ‘मदत केली’ या शब्दांपुढे येत असेल, तर त्याला काम मिळालेलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटणी बदला.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी फाइली शाळेच्या हार्ड डिस्कवर घ्या, टॅबलेटवरून त्या पुसा, टॅबलेट निम्मे चार्ज करून पूर्ण बंद करा. शंभर टक्के चार्ज करून महिनाभर तापत्या खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या जूनमध्ये फुगलेल्या सापडतात. शून्यावर सोडलेल्या काही तर पुन्हा चालूच होत नाहीत. तेरावा, जादा टॅबलेट विसरला जातो. त्याच्यावर एम-सीलच्या दोन आडव्या रेघा आणि तीन टिपके लावले असतील, तर मोजणीत तो सुटत नाही.